पिवळ्या दगडाखालचं पाणी

पिंपरवाडे, ता. नेवासा
६ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

चार दिवस तू फोन उचलत नाहीस. नाशिकला बदली झाल्यापासून तू मोठी झालीस हे मान्य, पण आतेभावाला ओळखणार नाहीस इतकी मोठी होऊ नकोस. म्हणून हा कागद.

आमच्या गावाचा अर्ज तुमच्या कार्यालयात पोचला असेल. बारा महिन्यांचे आकडे, नकाशे, ग्रामसभेचा ठराव आणि सत्तार शेखचं संमतिपत्र, सगळं मिळून सव्वा किलो भरलं. (किराणा दुकानात वजन केलं. वाण्यानं विचारलं, रद्दी का?) योजनेचं नाव मात्र कुणी ठेवलं ते कळव. ‘नदीजल क्षारभार न्यूनीकरण साहाय्य योजना’! ठेवणाऱ्याला संस्कृत येत नसावं, पण संस्कृतची भीती कशी घालायची ते पक्कं येतं. मी ग्रामसभेत ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मच्छिंद्र उठला. “मास्तर, म्हंजे नदीतलं मीठ कमी करायला सरकार पैसं देनार, आसंच ना?” म्हटलं, असंच. “मग आसं लिवायला काय झालं हुतं?”

तुला गावची नदी माहीत आहे, पण खारा ओढा तू लहानपणी पाहिला असशील तेव्हा तो नुसता ओढा होता. चाळीस वर्षं उसाला पाट भरभरून सोडला, शेतं पाझरली, आणि त्या पाझराबरोबर जमिनीतले क्षार ओढ्यात उतरले. ओढा गावाच्या खालच्या अंगाला, स्मशानभूमीच्या शेडजवळ, प्रवरेला मिळतो. तिथून तीस पावलं खाली तुमच्याच माणसांनी एक दगड पिवळा रंगवून ठेवलाय. एका सोमवाराआड त्या दगडापाशी बाटली भरायची, क्षारांचा मीटर बुडवायचा, आकडा वहीत लिहून खाली सही करायची. पाणी समितीचा सचिव म्हणून ती सही माझी. आकडा साडेबावीसशेच्या वर गेला की पाणी खारट धरायचं आणि गाव मदतीला पात्र.

मदत मिळाली तर ओढ्याच्या तोंडाशी बांध घालून ते पाणी सत्तारच्या दोन एकरांत, प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यात वळवायचं. ऊन ते पाणी पिईल, मीठ तळाशी राहील, नदी मोकळी. सत्तारनं जमीन फुकट दिली. म्हणाला, तिथं तसंबी मीठच पिकतं.

दगडाच्या खाली त्याची अकरा घरांची वस्ती आहे, आणि तिची विहीर नदीच्या काठावर. सुनेला, मुबश्शिराला, सातवा महिना. पायांवर सूज आहे. डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं. ताटातलं तिनं बंद केलं. घागरीतलं कसं करणार?

बाटली रात्रभर आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी राहते आणि मंगळवारच्या एसटीनं तुमच्याकडे येते. चांगुणा, तुझी वहिनी, दर वेळी विचारते, “कुठलं पाणी?” आई असती तर मीटर लागलाच नसता. तिची परीक्षा एकच. डाळ शिजली तर पाणी गोड.

वीस मार्चला तुमची बैठक आहे म्हणे. सांभाळून घे, असं लिहिणार नाही. नीट वाच, एवढंच.

तुझा
वाल्मिकदादा

*

नाशिक
१४ फेब्रुवारी २०२५

ती. वाल्मिकदादास सा. नमस्कार.

फोन मी मुद्दाम उचलत नाही. तुमच्या गावचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. आकडे तपासणं हे माझं काम. यापुढे जे सांगायचं ते कागदावर सांग, आणि उद्या तो कागद चारचौघांत वाचला तर दोघांना चालेल असं सांग.

‘नीट वाच’ म्हणालास, वाचलं. मागच्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आकडे अठ्ठावीसशे ते चौतीसशे. पावसाळ्यात पूर आला, आकडे सात-आठशेवर उतरले. इथपर्यंत ठीक. पण पाऊस गेला की ते पुन्हा चढायला हवेत. तुझे ऑक्टोबर ते जानेवारीचे नऊच्या नऊ आकडे सहाशे ते नऊशेच्या मध्ये आहेत. थंडीत तुमची नदी एकाएकी गोड झाली?

अध्यक्षसाहेबांनी आलेख पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “थंडीतले आकडे खरे. उन्हाळ्यात कुणीतरी बाटलीत मीठ टाकलंय. पैशासाठी सुरुवातीला फुगवलं, मग कंटाळा आला.” तसं ठरलं तर अर्ज तर जाईलच, वर गाव पाच वर्षं काळ्या यादीत. ग्रामपंचायतीला खुलासा मागणारं पत्र निघतंय.

मला तीन गोष्टी हव्यात. बाटली कोण भरतं? किती वाजता? आणि कुठे उभं राहून?

आत्याला जाऊन साडेचार महिने झाले. दहाव्याला आले होते तेव्हा तू बोलतच नव्हतास. आता निदान माझ्या कार्यालयाची थट्टा करतोयस, म्हणून बरं वाटलं.

तुझी
रोहिणी

*

पिंपरवाडे
२० फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. शब्दरूपं ज्यानं शिकवली त्याचीच उलटतपासणी घेतेस, म्हणजे शिकवणी वाया गेली नाही.

बाटली मी भरतो. अजिनाथ शिपायाला एकदाही पाठवलं नाही. सकाळी सातला, शाळेच्या आधी. एकही सोमवार चुकलेला नाही. आई गेली त्याच्या पुढच्या सोमवारी, सुतकातसुद्धा, बाटली भरली होती. गावाला विचार.

आकड्यांचं म्हणशील तर कारणं बरीच असू शकतात. एक तर यंदा परतीचा पाऊस लांबला. दुसरं म्हणजे खालच्या बंधाऱ्याला फळ्या लवकर टाकल्या, त्यामुळे पाणी तुंबून पातळ झालं असेल. तिसरं, मीटरचा सेल दिवाळीत बदलला. चौथं, नदी ही स्त्रीलिंगी आहे, तिनं दर थंडीला सारखंच वागावं असा आग्रह तुमच्या अध्यक्षसाहेबांनी धरू नये. पाचवं सुचलं की कळवतो.

मीठ टाकल्याचा संशय मात्र मागे घ्या. पाच वर्षांची काळी यादी म्हणजे काय ते तुम्हाला नाशिकला बसून कळणार नाही. इथं पाच वर्षांत माणसं वस्ती सोडून जातील. वहीच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. अठ्ठावीस वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकावर हीच सही करतोय, अजून एकाही बापानं ती खोटी म्हटलेली नाही.

चांगुणा बरी आहे. शाळेत परीक्षा जवळ आल्यात.

वाल्मिक

*

पिंपरवाडे, खालची वस्ती
२४ फेब्रुवारी २०२५

रोहिणी मॅडमला सत्तार शेखचा सलाम.

मॅडम, तुमी मास्तरच्या मामाची लेक, मास्तरच्या आईच्या दहाव्याला आल्त्या, तवा बघितलं हुतं. पत्ता पंचायतीत आलेल्या सरकारी कागदावरनं घेतला. लिवनार मुबश्शिरा, सांगनार मी.

त्यो कागद पंचायतीत वाचला. मीठ टाकलं म्हनून लिवलंय. मी उभा ऱ्हायलो आन सांगितलं, मास्तर एक सोमवार चुकले न्हाईत, मी डोळ्यानी बघतो. सकाळी मी म्हशी घेऊन नदीला आसतो. पयल्यांदा मास्तर पिवळ्या दगडाला यायचे, माझ्यासंगं दोन शबुद बोलायचे. आई गेल्यापासनं बिचारे खाली येत न्हाईत. शेडच्या अलीकडंच थांबत्यात, वरच्या घाटावर बाटली भरत्यात आन खाली मान घालून जात्यात. आईची राख दगडापाशीच सोडली ना, मानसाला वाटतं. मला वाटलं वरचं पानीबी तुमाला लागत आसंल, नदी तर येकच हाय. पन चुकले न्हाईत, येक सोमवारबी न्हाई. आसल्या मानसावर मीठ टाकल्याचा आळ घेऊ नका.

माझी दोन एकर मी दिली ती परत मागनार न्हाई, तळं व्हवो न व्हवो. पन व्हावं.

सत्तार बाबूलाल शेख

मॅडम, अब्बांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. माझ्या पायांबद्दलही त्यांना लिहायचं होतं, ते मी लिहिलेलं नाही. — मुबश्शिरा

*

पिंपरवाडे
१ मार्च २०२५

चि. रोहिणी,

तू तीन प्रश्न विचारलेस. मी दोनांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याच्या जागी नदीचं लिंग सांगितलं. तुझ्या लक्षात आलंच असेल.

बाटली मी वरच्या घाटावर उभं राहून भरली. ऑक्टोबर ते जानेवारी, नऊच्या नऊ. ओढा मिळायच्या आधीचं पाणी ते, गोडच असणार. वहीत मात्र ‘पिवळ्या दगडापाशी’ असं छापलेलं आहे आणि त्याखाली माझी सही. उन्हाळ्यातले आकडे खरे आहेत, थंडीतले खोटे. तुमच्या साहेबांनी बरोबर उलटं ओळखलं.

शितावरून भाताची परीक्षा हा न्याय मी दर वर्षी नववीला शिकवतो. एक शीत दाबायचं आणि पातेल्याचं सांगायचं. मी शीत दाबलं, पण शेजारणीच्या पातेल्यातलं.

का, ते सांगतो. त्यानं अपराध कमी होत नाही.

स्मशानाखालचं पाणी घरात आणायचं नाही ही इथली रीत. मी ती हसण्यावारी नेत असे. मागच्या फेब्रुवारीपासून दगडाखालचं पाणी आणून फ्रिजमध्ये ठेवायचो. चांगुणानं विचारलं, “कुठलं पाणी?” की सांगायचो, “घाटावरचं.” तिच्याशी खोटं बोलून मी पुरोगामी होतो. मग आई गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी संगमावर नेल्या आणि राख तिथंच, दगडाच्या अंगाला, पाण्यात सोडली. पुढच्या सोमवारी बाटली घेऊन निघालो, आणि शेडपाशी पाय थांबले.

तुझा मीटर क्षार मोजतो. राख म्हणजे दुसरं काय असतं? मनात आलं, आता जो आकडा येईल त्यात ओढा किती आणि आई किती, हे मला कोण सांगणार? आणि ती बाटली मी दह्याशेजारी ठेवणार, एसटीत घालणार, तुम्ही ती कसल्या यंत्रात ओतणार. मी चार पावलं मागे आलो आणि घाटावर भरली. म्हटलं, एवढीच. पुढच्या वेळी दुसरी भरली. तिसऱ्या वेळी सही करताना हात थांबलासुद्धा नाही, आणि त्याचीच मला आता जास्त भीती वाटते.

गेल्या आठवड्यात पंचायतीत तुमचं पत्र वाचलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काही बोलायच्या आत सत्तार उभा राहिला. “मास्तर एक सोमवार चुकले न्हाईत.” यात एक अक्षर खोटं नव्हतं, ग. मला तिथं बसवेना.

गुरुवारी सकाळी, आई गेल्यापासून पहिल्यांदा, दगडापाशी गेलो. मीटर बुडवला. एकतीसशे ऐंशी.

ज्या माणसाची दोन एकरं आणि सून या आकड्यावर टांगलेली आहेत, त्याच्यापुढे मी माझा आकडा झाकून बसलोय. तुझ्या अडचणीचा विचार करू नकोस. हे पत्र जिथं लावायचं तिथं लाव.

वाल्मिक

*

नाशिक
५ मार्च २०२५

ती. वाल्मिकदादास,

सत्तारभाईंचं पत्र मला अठ्ठावीसला मिळालं. तुझं सोमवारी. मधले तीन दिवस मला कळलेलं होतं आणि तू सांगितलेलं नव्हतंस. ते तीन दिवस वाईट गेले. तुला एक पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात काय होतं ते विचारू नकोस.

आता काय केलं ते ऐक.

अर्जदार समितीचा सचिव माझा सख्खा आतेभाऊ आहे असं मी लिहून दिलं. हे मी अर्ज टेबलावर आला त्याच दिवशी करायला हवं होतं, तेव्हा मीही चार पावलं मागेच उभी राहिले. आता या अर्जावर माझं मत धरणार नाहीत.

तुझी पत्रं मी फाईलला लावली. तिन्ही. पहिल्यातला योजनेच्या नावाबद्दलचा परिच्छेद काढता येईल का ते पाहिलं, येत नाही. नाव अध्यक्षसाहेबांनीच ठेवलेलं आहे. त्यांनी तो दोनदा वाचला.

तुझी जूनची मोहरबंद बाटली आमच्या कपाटात होती. साहेबांनी ती दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतली. किराण्यातलं मीठ आणि शेतातून झिरपलेले क्षार वेगळे असतात, ते लपत नाहीत. बाटलीत शेतच निघालं. मीठ टाकल्याचा आळ गेला. खोट्या सहीचा राहिला, आणि तो खरा आहे.

मंगळवारी, ११ तारखेला सकाळी नऊला उपअभियंता बिभीषण दराडे दगडापाशी येतील. आज कळलं की धरणातून नदीला आवर्तन सोडतायत, ते पाणी त्याच दिवशी दुपारपर्यंत तुमच्याकडे पोचेल. गोडं पाणी आलं की आकडा पडलाच. तारीख बदलून मागितली, मिळाली नाही. कुणीही मदत म्हणून नदीत काही टाकू नका. ओळखू येतं, आणि मग कुणीच वाचवू शकणार नाही.

आणि आत्याबद्दल. एका माणसाची राख किती असते, त्यातली पाण्यात किती विरघळते, सगळा हिशेब मी काल कागदावर मांडला. वाहत्या नदीत संध्याकाळपर्यंतसुद्धा ती मीटरला सापडली नसती, दादा. तू शेडपाशी थांबलास तेव्हा ती कधीच समुद्राच्या वाटेला लागली होती. मला फोन करून विचारलं असतंस तर एका मिनिटात सांगितलं असतं. पण तेव्हा तू बोलतच नव्हतास आणि मीही दोनदाच विचारलं.

रोहिणी

*

पिंपरवाडे
१२ मार्च २०२५

चि. रोहिणीस आशीर्वाद.

कालचं सगळं क्रमानं लिहितो. हेही फाईलला लागेल असं धरून लिहितोय, तरी वळण जुनंच आहे.

आदल्या दिवशी पंचायतीत उभं राहून मी काय केलं ते सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, त्यामुळे जास्त अवघड गेलं. मच्छिंद्र एवढंच म्हणाला, “मास्तर, तुमी दांडी मारली आसती तरी चाललं आसतं.”

आठलाच आम्ही दगडापाशी होतो. नऊ वाजले, साडेनऊ, दहा. जीप नाही. सव्वादहाला निरोप आला, नेवासा फाट्याला पंक्चर. तेवढ्यात बंधाऱ्यावरच्या माणसाचा फोन. वरचा बंधारा भरून वाहायला लागलाय, तासा-दीड तासात पाणी गावात. सगळे नदीच्या वरच्या वळणाकडे बघत बसलो. नदीकडे इतकं टक लावून मी कधीच पाहिलेलं नाही.

अकराच्या सुमाराला मच्छिंद्र खताची गोणी घेऊन आला. खाली ठेवली तेव्हा आत पुडे वाजले. मी उघडून पाहिलं. मीठ. दहा-बारा किलो.

“आवर्तन आकडा खाली वडनार, आपन वर वडायचा,” तो म्हणाला. “बरूबर हुतंय का न्हाई?”

म्हटलं, “ओळखू येतं. नाशिकला सांगतात.”

“त्यांना समदंच वळकू येतं व्हय? तुमच्या नऊ बाटल्या चार म्हैनं कुनाला वळकू आल्या?”

मी त्या गोणीवर बसलो. संस्कृत शिक्षकानं मिठाच्या गोणीवर बसून नदी वाचवावी, असा प्रसंग शास्त्रात कुठं सांगितलेला नाही.

मग सत्तार जवळ आला. “मास्तर, टाकलं तर काय व्हईल?”

“सापडलं तर सगळं जाईल.”

“आन न्हाई सापडलं तर?”

नाही सापडलं तर तळं होईल, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्यानं नदीकडे बघितलं, मग वस्तीकडे. मुबश्शिरा दारात उभी होती, खुर्चीच्या पाठीला धरून. मी गोणीवरून उठलो नाही. पण त्यानं हात घातला असता तर मी त्याला कुठल्या तोंडानं अडवलं असतं, सांग.

त्यानं मला दंडाला धरून उठवलं, गोणी खांद्यावर घेतली. तो नदीकडे पाठ करून वस्तीकडे निघाला. जाता जाता म्हणाला, “घरात मीठ बंद हाय. म्हशीला व्हईल.”

जीप आली तेव्हा अकरा-पंचेचाळीस झाले होते आणि वरच्या वळणावर पाण्याचा रंग बदललेला दिसत होता. दराडेसाहेब उतरले ते पळतच. मला म्हणाले, “न्यूनीकरणवाले आपणच का?” मी बाटली घेऊन पुढे झालो. “तुम्ही नाही. ज्या सहीवर शंका आहे तो हात नको.” सत्तार पाण्यात उतरला. अकरा-बावन्न, एकोणतीसशे दहा. दुसरी बाटली भरेपर्यंत गढूळ धार दगडाला येऊन लागली. बारा-पाच, सतराशे साठ. बारा-वीस, नऊशे ऐंशी.

मला वाटलं, संपलं. तीनांतले दोन खाली.

पण तो माणूस घाईत नव्हता. तिन्ही आकडे वेळेसकट लिहिले. मग विचारलं, “ओढा कुठंय?” पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः ओढ्याच्या तोंडात उतरला, आवर्तनाचं पाणी पोचत नाही तिथवर. सहा हजार तीनशे पन्नास. मीटर झटकून पुन्हा बुडवला, तेवढाच. शेवटी वरच्या घाटावर गेला. सहाशे वीस. कागदावर नदीची रेघ ओढली, तिच्यावर पाच आकडे मांडले आणि मला दाखवले. “मास्तर, तुमच्या नऊ बाटल्या खोट्या नव्हत्या. त्यांचा पत्ता खोटा होता.”

पुढं काय ते तुमची बैठक जाणे. मी आज शाळेत गेलो नाही. रजेचा अर्ज लिहिला, त्यावर सही करताना चांगुणा बघत होती. तिला सगळं सांगितलंय. दह्याचंसुद्धा. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

वाल्मिकदादा

*

नाशिक
२४ मार्च २०२५

ती. वाल्मिकदादास सा. नमस्कार.

अधिकृत पत्र पंचायतीला मिळेलच. तू आधी माझ्याकडून वाच.

उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे आकडे धरले. थंडीचे नऊ खोडले. ते येत्या ऑक्टोबर ते जानेवारीत पिवळ्या दगडापाशी पुन्हा घ्यायचे, निर्णय पुढच्या फेब्रुवारीत. काळी यादी नाही. तुझी सही यापुढे चालणार नाही, आणि शाळेमार्फत तुला समज देणारं पत्र जाईल.

म्हणजे एक वर्ष गेलं. पाच वाचली असं मी कितीही म्हटलं तरी वस्तीचं हे एक वर्ष तुझ्या नावावर आहे, आणि ते तुला माहीत आहे म्हणून मी जास्त लिहीत नाही.

दराडेसाहेबांचा तो कागद बैठकीत फिरला. अध्यक्षसाहेबांनी ओढ्याचा आकडा पाहून चष्मा पुन्हा घातला. उठताना म्हणाले, “मास्तरांना विचारा, योजनेला सोपं नाव काय ठेवता येईल?” मी म्हटलं, मी या अर्जावर बोलू शकत नाही.

मुबश्शिराचं कळव.

रोहिणी

*

पिंपरवाडे
१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

एप्रिलमधलं दोन ओळींचं कार्ड पोचलं होतं ना? मुलगी, पावणेतीन किलो, आई सुखरूप. आता बाळ सहा महिन्यांचं आहे आणि माझ्या चष्म्यावर त्याचा डोळा आहे.

मच्छिंद्रनं मे महिन्यात आपले जुने पाईप काढून दिले. त्याच्याच उसानं निम्मा ओढा खारा केलाय, हे त्याला कुणी बोललं नव्हतं. वरच्या घाटापासून वस्तीपर्यंत नळ आलाय. पाणी दिवसाआड आणि धार बारीक, पण वस्तीतली मुबारकबी सांगत होती, डाळ शिजते. आईची परीक्षा अकरा घरं पास झाली. नदी मात्र अजून नापासच आहे, म्हणून सोमवार सुटत नाही.

वहीवर आता मुबश्शिराची सही. ग्रामसभेनं एकमतानं नेमलं. स्मशानाखालच्या त्या जागेचं तिला काही वाटत नाही. मी मीटर आणि बाटल्यांची पेटी उचलून मागं चालतो, म्हणजे शिपाई झालोय. आज तिचा पहिला सोमवार होता. बाळ सत्तारच्या कडेवर. शेडपाशी माझे पाय पुन्हा जरा रेंगाळले. ती मागं वळली. “मास्तर, पेटी घेऊन या. मीटर तुमच्याजवळ हाय.” गेलो. दगडाशी उभा राहिलो. पाणी नेहमीसारखंच वाहत होतं.

तिनं मीटर बुडवला, आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली, मला न विचारता लिहिला आणि सही केली. चोवीसशे तीस. तुझा हिशेब बरोबर असेल तर हा सगळाच ओढा.

त्यांच्याकडे फ्रिज नाही, तेव्हा बाटली रात्रीपुरती आमच्याकडे. घरी आलो, फ्रिज उघडला. चांगुणा भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “कुठलं पाणी?”

म्हटलं, “खालचं. पिवळ्या दगडाचं.”

ती उठली. मला वाटलं, आता बाटली ओट्यावर काढून ठेवते. तिनं दह्याचं पातेलं उचललं, खालच्या कप्प्यात सरकवलं आणि वरची जागा फडक्यानं पुसून दिली.

बाटली उद्याच्या एसटीनं येतेय. सावकाश उघड.

वाल्मिकदादा